दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ: स्वतः हिशोब कसा करायचा

माद्रिद ते न्यू यॉर्क किती लांब आहे, असं विचारलं तर कुणी ५,७७० किलोमीटर सांगेल, कुणी सहा हजारांच्या आसपास म्हणेल, आणि कुणी सरळ 'आठ-सव्वाआठ तास' असं उत्तर देईल. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. पहिलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं कमीत कमी अंतर आहे, दुसरं विमान प्रत्यक्षात कापतं ते अंतर, आणि तिसरा प्रवाशाच्या कामाचा आकडा. गोंधळ होतो तो या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे. ते वेगळे ठेवले तर जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधला उड्डाणाचा वेळ तुम्ही घरबसल्या बऱ्यापैकी अचूक काढू शकता. त्यासाठी लागतं एक साधं वैज्ञानिक कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट, आणि थोडा धीर.

हा सगळा हिशोब माद्रिद-न्यू यॉर्क या एकाच जोडीवर करून दाखवतो. ही दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे अनेक गैरसमज या एका उदाहरणात आपोआप उघडे पडतात.

पायरी १: कुठून कुठपर्यंत, ते आधी पक्कं करा

ही पायरी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

एकाच नावाची शहरं जगात भरपूर आहेत. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच नावाचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे, तसंच अमेरिकेच्या अलाबामा राज्यातही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला जायचं म्हणून तिकीट काढलेले प्रवासी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. म्हणून शोधताना शहराबरोबर देशाचं नाव टाका आणि तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड एकदा ताडून पाहा.

दुसरी गोष्ट, शहर म्हणजे विमानतळ नव्हे. अंतर सांगणारी बहुतेक साधनं शहराच्या मध्यापासून मोजतात, विमान मात्र विमानतळावरून सुटतं. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटरवर आहे, नारिता साधारण साठ किलोमीटरवर. पाच-सहा हजार किलोमीटरच्या उड्डाणात या फरकाने काही बिघडत नाही, पण तीनशे-चारशे किलोमीटरच्या प्रवासात बिघडतं. आणि विमानतळ ते घर या टप्प्यात तर प्रत्येक वेळी बिघडतं. त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही विमानतळांचेच अक्षांश-रेखांश घ्या. कोणत्याही ऑनलाइन नकाशावर त्या ठिकाणी राइट क्लिक केलं किंवा मोबाइलवर बोट दाबून धरलं की ते मिळतात.

आकडे उतरवताना दोन गोष्टी तपासा. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. हे चिन्ह विसरलात तर न्यू यॉर्क थेट मध्य आशियातल्या किर्गिझस्तानात जाऊन बसतं, कारण ४०.७ उत्तर आणि ७४ पूर्व तिथे येतं. दुसरं म्हणजे अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. न्यू यॉर्कचा अक्षांश ४० अंश ४२ मिनिटं आहे, म्हणजे दशांशात ४०.७०. तो ४०.४२ असा लिहिला तर शहर तीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकतं.

पायरी २: सरळ रेषा कोणती, हे समजून घ्या

भिंतीवरच्या नकाशावर माद्रिद आणि न्यू यॉर्क यांना जोडणारी सरळ रेघ मारा. ती जवळपास आडवी येईल, चाळिसाव्या अक्षांशाला समांतर. आता पृथ्वीगोल घ्या, एक दोरा माद्रिदवर धरा, दुसरं टोक न्यू यॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो उत्तरेकडे सरकतो, अटलांटिकच्या मध्यावर साधारण ४६ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि पुन्हा खाली येतो. हा ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारं प्रतल पृष्ठभागाला जिथे छेदतं, ते बृहद्वृत्त. कोणत्याही दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर या बृहद्वृत्तावरच मोजलं जातं. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, पण चाळिसावा अक्षांश नाही.

फरक किती पडतो? आडव्या रेघेने, म्हणजे अक्षांशाच्या कडेकडेने गेलात तर साधारण ५,९५० किलोमीटर होतात. दोऱ्याच्या मार्गाने ५,७७०. जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटरची बचत. शहरं जितकी ध्रुवाकडे आणि एकमेकांपासून पूर्व-पश्चिम जितकी दूर, तितकी ही बचत वाढते.

विमानातल्या स्क्रीनवर मार्ग धनुष्यासारखा वाकडा दिसतो तो यामुळेच. विमान वळसा घालत नसतं. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा ताणला गेलेला असतो. मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. असा नकाशा देश ओळखायला चालेल, अंतर मोजायला त्यावर पट्टी ठेवू नका. ऑनलाइन नकाशातलं अंतर मोजण्याचं साधन मात्र बृहद्वृत्तावरून मोजतं, त्यामुळे ते बिनधास्त वापरा. लांबचे दोन बिंदू जोडून पाहिलेत तर त्याची रेघही वाकते.

घरी पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचा प्रयोग एकदा नक्की करा, मुलांना जवळ घेऊन करा. दक्षिण गोलार्धातलं सिडनी-सांतियागो हेही ताणून बघा. दोरा अंटार्क्टिकाच्या दिशेने किती खाली उतरतो ते पाहिल्यावर सपाट नकाशावरचा विश्वास कायमचा कमी होतो, आणि ते चांगलंच आहे.

पायरी ३: अंतर काढा

सूत्र असं आहे. दोन शहरांना पृथ्वीच्या केंद्राशी जोडलं तर तिथे जो कोन होतो, तो काढायचा.

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

माद्रिद ४०.४ उत्तर, ३.७ पश्चिम. न्यू यॉर्क ४०.७ उत्तर, ७४.० पश्चिम. रेखांशांतला फरक ७०.३ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइन ०.६४८१ आणि ०.६५२१, त्यांचा गुणाकार ०.४२२६.
दोन्हींच्या कोसाइन ०.७६१५ आणि ०.७५८१, रेखांशांतल्या फरकाची कोसाइन ०.३३७१, तिन्हींचा गुणाकार ०.१९४६.
बेरीज ०.६१७२.

ज्याची कोसाइन ०.६१७२ आहे तो कोन सुमारे ५१.९ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर बृहद्वृत्ताचा एक अंश १११.२ किलोमीटरचा होतो. ५१.९ गुणिले १११.२, म्हणजे ५,७७० किलोमीटर. झालं.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथली साइन-कोसाइनची सूत्रं कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात घेतात. आधी अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करा, आणि शेवटी मिळालेल्या कोनाला थेट ६,३७१ ने गुणा. हाती आलेलं उत्तर अगदीच विचित्र असेल तर दहापैकी नऊ वेळा घोळ इथेच असतो. फार जवळच्या, म्हणजे काही मीटरवरच्या ठिकाणांसाठी या सूत्रात आकडेमोडीची अचूकता घसरते, तेव्हा हॅव्हरसाइन नावाचं सूत्र वापरतात. शहरांसाठी त्याची गरज नाही.

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे गोल धरून काढलेलं अंतर जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकतं. आपल्या उदाहरणात तीसेक किलोमीटर, म्हणजे विमानाची दोन मिनिटं. एवढ्यासाठी चपटेपणाच्या सूत्रात शिरण्याची गरज नाही. सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यांनी जरूर शिरावं.

उत्तर तपासायला एक झटपट कसोटी आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरच्या फारशी पलीकडे असूच शकत नाहीत. एखादं साधन २३,००० दाखवत असेल तर ते रस्त्याचं किंवा टप्प्याटप्प्याच्या प्रवासाचं अंतर आहे, नाहीतर चूक आहे.

एककांचंही भान ठेवा. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, तो १,८५२ मीटरचा. जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरचा. 'माइल्स' असं नुसतं लिहिलेलं दिसलं तर कोणता मैल ते विचारा, कारण फरक पंधरा टक्क्यांचा आहे. वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, दिला असेल तर १.८५२ ने गुणून ताशी किलोमीटर मिळतात.

रस्त्याचं अंतर हा अर्थातच वेगळाच विषय. चांगलं जाळं असलेल्या सपाट प्रदेशात रस्ता हवाई अंतराच्या सव्वापट ते दीडपटीच्या आत बसतो. मध्ये डोंगररांग किंवा आखात आलं की हा अंदाज कोलमडतो, तिथे नकाशावर मार्ग काढूनच बघावं लागतं.

पायरी ४: विमान प्रत्यक्षात किती कापतं

विमान काही बृहद्वृत्ताच्या दोऱ्यावरून जात नाही. उड्डाण वाऱ्याला सामोरं जाऊन होतं, त्यामुळे कधी कधी सुरुवातच उलट्या दिशेला होते. लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात, वादळी ढगांना वळसा घालावा लागतो, उतरण्याआधी रांगेत यावं लागतं. या सगळ्यासाठी हवाई अंतरात ३ ते ५ टक्के मिळवा. छोट्या अंतरात टक्का जास्त धरा, कारण सुरुवातीच्या आणि शेवटच्या वळणांचा वाटा तिथे मोठा असतो.

पण काही जोड्यांमध्ये हा साधा नियम पुरत नाही, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत.

बंद हवाई हद्द हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. हेलसिंकी ते टोकियो हे हवाई अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत विमानं रशियावरून जात आणि नऊ-साडेनऊ तासांत पोचत. रशियाची हद्द युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. विमानं उत्तर ध्रुवाजवळून किंवा दक्षिणेकडून मोठा फेरा घालून जाऊ लागली. दोन शहरांमधलं अंतर तेच राहिलं, वेळ मात्र साडेतीन-चार तासांनी वाढला. सूत्राला हद्दीचं राजकारण कळत नाही. म्हणून मार्गाची रेघ कुठल्या देशांवरून जाते ते एकदा बघा.

दुसरं कारण उंच पर्वत. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं फारशी जात नाहीत. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिथे तर जमीनच त्याहून उंच आहे.

तिसरं, महासागर. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळेत कुठल्या तरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. ही मुदत पूर्वी अगदी कमी होती. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि अटलांटिक दोन इंजिनांच्या विमानांसाठी खऱ्या अर्थाने खुला झाला. आज काही विमानांना पाच-सहा तासांपर्यंतची परवानगी आहे, त्यामुळे हे बंधन आता बहुतेक मार्गांवर जाणवत नाही. दक्षिण गोलार्धातल्या ओसाड समुद्रावर ते अजूनही विचारात घ्यावं लागतं.

पायरी ५: वेग आणि वारा

जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात सांगतात. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश सेल्सिअसच्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारखी लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ०.८५ पट, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने जातात. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ ही मध्यम पल्ल्याची विमानं ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. छोट्या गावांना जोडणारं पंख्याचं एटीआर ७२ असेल तर ताशी ५०० धरा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो याच्यासाठी वाचा.

हा वेग मात्र हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या तुलनेत नव्हे. नदीतली होडी प्रवाहाबरोबर जाताना काठाच्या मानाने वेगात जाते आणि प्रवाहाविरुद्ध रेंगाळते, तसंच विमानाचं होतं. आणि वर वाहणारी नदी लहान नाही. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात तो आणखी वाढतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला आणि जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

या वाऱ्याची ताकद किती, याचं एक ठळक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हवेच्या मानाने मात्र ते नेहमीच्याच वेगात होतं, ध्वनीचा अडथळा त्याने ओलांडला नव्हता.

इथे एक गैरसमज काढून टाकू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली शहर स्वतःच जवळ येतं, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. उलट पश्चिमेचा प्रवासच बहुधा जास्त वेळ घेतो, कारण वारा समोरून येतो.

आणखी एक गोष्ट, जी पटकन लक्षात येत नाही. जाताना वारा नडला तरी येताना तेवढाच उपयोगी पडेल, म्हणजे हिशोब फिटला, असं नसतं. ५,७७० किलोमीटरला ताशी ९०० ने दोन्ही बाजूंचे मिळून १२ तास ४९ मिनिटं लागतात. शंभरचा वारा धरला तर जाताना ८०० ने ७ तास १३ मिनिटं, येताना १,००० ने ५ तास ४६ मिनिटं, एकूण १२ तास ५९ मिनिटं. दहा मिनिटं गेलीच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.

म्हणूनच विमान कंपन्या रोज नवा मार्ग आखतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्गांचा संचच दिवसातून दोनदा ठरवला जातो, एक पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि एक पूर्वेला जाणाऱ्यांसाठी. सिंगापूर-न्यू यॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरचं, जगातल्या सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक. त्याचा दोरा उत्तर ध्रुवाजवळून जातो, पण न्यू यॉर्ककडे जाताना विमान बहुधा प्रशांत महासागरावरून पाठीमागचा वारा पकडत जातं. जास्त अंतर, पण कमी वेळ.

पायरी ६: सगळं जोडून वेळ काढा

आता माद्रिद ते न्यू यॉर्क. हवाई अंतर ५,७७०, त्यात ३ टक्के मिळवले की ५,९४०. विमान ताशी ९०० चं, सरासरी ९० चा वारा समोरून, म्हणजे ८१०. भागाकार ७ तास २० मिनिटं.

यात चढण्या-उतरण्याची भर घालायची. दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरपर्यंतच ठेवावा लागतो, आणि उतरण्याची तयारी तर मुक्कामाच्या दोनशे किलोमीटर आधीच सुरू होते. या संथपणासाठी १५ ते २० मिनिटं. मग विमानाचं जमिनीवरचं चालणं. गेट सोडून धावपट्टीच्या टोकाला जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं आणि उतरल्यावर गेटपर्यंत आठ-दहा. मोठ्या विमानतळावर गर्दीच्या वेळी हे वाढतं. एकूण साधारण ८ तास ते ८ तास १० मिनिटं.

परतीला वेग ९९०, हवेत ६ तास, वरची भर धरून ६ तास ४० ते ५० मिनिटं.

वेळापत्रकात तुम्हाला साधारण सव्वाआठ आणि सात तास दिसतील, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्त. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि त्यात कंपनी उशिरासाठी थोडी जागा राखून ठेवते. म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटूनही कधी कधी वेळेवर पोचतं. 'उड्डाणाचा वेळ' म्हणून कुणी आकडा सांगितला तर तो चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतचा आहे की गेट ते गेट, हे विचारा. अर्ध्या तासाचा वाद तिथेच मिटतो.

इतकं सगळं नको असेल तर झटपट नियम असा. तीन हजार किलोमीटरपर्यंत हवाई अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. त्यापुढे ८७० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. ५०० किलोमीटरला तास-सव्वा तास येतो, २,००० ला तीन तास, १०,००० ला बारा तास. पूर्व-पश्चिम मार्गावर मधल्या अक्षांशांत पूर्वेला जाताना पाच-आठ टक्के कमी करा, पश्चिमेला जाताना तेवढेच वाढवा. उत्तर-दक्षिण मार्गावर किंवा विषुववृत्ताच्या आसपास ही दुरुस्ती सोडून द्या.

आणि शेवटी कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त विश्वास एका गोष्टीवर ठेवा. त्याच क्रमांकाचं उड्डाण गेल्या आठवड्यात रोज किती वेळात पोचलं, ते फ्लाइटरडार२४ सारख्या साधनावर बघा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडे बाजूला ठेवा, मधला घ्या. हिशोबाने तुम्हाला आकडा का आला ते कळतं, नोंदींनी तो आज कितपत खरा आहे ते कळतं. दोन्ही हवेत.

पायरी ७: घड्याळं जुळवा

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणं चूक आहे. सुरक्षित पद्धत एकच, दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, आणा आणि मग वजाबाकी करा.

माद्रिद हिवाळ्यात यूटीसीच्या एक तास पुढे, न्यू यॉर्क पाच तास मागे. माद्रिदहून १६:३० ला निघालेलं विमान यूटीसीप्रमाणे १५:३० ला निघालं. न्यू यॉर्कला १८:४५ ला पोचलं, म्हणजे यूटीसी २३:४५. प्रवास सव्वाआठ तासांचा, घड्याळात मात्र सव्वादोनच तास गेलेले दिसतात. परतीला १९:०० ला निघून सात तासांत पोचलात तर माद्रिदला सकाळचे ८:०० वाजलेले असतात, तारीख पुढची. तिकिटावर वेळेशेजारी छोटंसं '+१' असतं ते याचंच. हॉटेलचं बुकिंग त्या तारखेचं करायचं असतं.

सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा तास. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे उन्हाळी वेळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे माद्रिद आणि न्यू यॉर्कमधला फरक सहाऐवजी पाच तासांचा असतो. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तेव्हाही एक आठवडा तसाच. या दिवसांत कुणाला विमानतळावर घ्यायला जायचं असेल तर फरक पाठ आहे म्हणून त्यावर विसंबू नका. दक्षिण गोलार्धात तर उन्हाळाच उलटा, त्यामुळे सिडनी आणि लंडनमधला फरक वर्षात नऊ, दहा आणि अकरा तास असा बदलतो.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना वारही तपासा. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे, होनोलुलू दहा तास मागे, फरक एकोणीस तासांचा. टोकियोहून सोमवारी रात्री ९ ला निघून सात तासांनी होनोलुलूला पोचलात तर तिथे सोमवारचीच सकाळ असते, ९ वाजलेले. म्हणजे निघण्याच्या बारा तास आधी पोचल्यासारखं दिसतं. परतीला सोमवारी दुपारी १ ला निघून साडेआठ तासांनी उतरलात तर टोकियोत मंगळवारची दुपार, साडेचार. अशा मार्गावर बैठक, लग्न किंवा जहाज गाठायचं असेल तर पोचण्याचा वार वहीत अक्षरांत लिहून ठेवा, नुसती तारीख नको.

पायरी ८: दारापासून दारापर्यंत

थेट विमान नसेल तर अंतराचा हिशोब प्रत्येक टप्प्याचा वेगळा करा आणि मधला थांबा त्यात मिळवा. दोन टप्प्यांचं हवेतलं अंतर थेट अंतराच्या दीडपट झालं तर वेळ दुपटीवर जाऊ शकतो, कारण चढणं, उतरणं, जमिनीवरचं चालणं हे सगळं दोनदा होतं. कनेक्टिंग फ्लाइटसाठी विमानतळाने ठरवलेला किमान वेळ असतो, पण तो सगळं सुरळीत असताना पुरतो. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबायला बांधील नसते. अशा वेळी मध्ये भरपूर मोकळा वेळ ठेवा, त्यात काटकसर करू नका.

मग घर ते विमानतळ, सुरक्षा तपासणी, उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि पुढची गाडी. आंतरराष्ट्रीय प्रवासात हे सगळं मिळून पाच-सहा तास सहज होतात. तेरा तासांच्या उड्डाणात ते खपून जातात. ४०० किलोमीटरच्या प्रवासात मात्र हवेत पाऊण तास आणि बाकी चार तास असं चित्र असतं, आणि तिथे वेगवान रेल्वे असेल तर ती विमानाला सहज मागे टाकते. म्हणून सहाशे-सातशे किलोमीटरच्या आतल्या दोन शहरांसाठी विमानाचा वेळ शोधण्याआधी रेल्वेचा बघा, आणि दोन्हींची तुलना दारापासून दारापर्यंतच करा.